यंत्र सगळ्यात शेवटी निवडा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्या घरासाठी हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर उबदार ठेवणारं यंत्र, घेण्याविषयीचा लेख वाचला. हा विषय मराठीत छापून आला याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्यात ‘एक युनिट विजेवर चार युनिट उष्णता’ हे वाक्य दोनदा आलं आणि दोन्ही वेळा एक गोष्ट सांगायची राहिली: बाहेर किती थंडी असताना, आणि पाणी किती गरम करताना? मी 31 वर्षं शीतगृहांतले कॉम्प्रेसर चालवले आणि दुरुस्त केले. गेलं दीड वर्ष मुलगी आणि जावई यांच्या नव्या घराच्या आखणीत त्यांच्याबरोबर बसतो आहे. घर थंड प्रदेशात आहे, हिवाळ्यात पारा उणे 12 पर्यंत उतरतो. या दोन्ही कामांतून माझं ठाम मत झालं आहे की घराच्या उबेचा आणि घरातल्या हवेचा हिशेब एकत्र करायचा असतो, आणि तो नकाशा पेन्सिलीत असतानाच करायचा असतो. भिंती उभ्या राहिल्यावर राहिलेली चूक यंत्र मोठं करून झाकावी लागते, आणि त्याची वीज पुढची वीस वर्षं जळत राहते.

शीतगृहात आम्ही मालातली उष्णता ओढून बाहेर टाकत होतो. हीट पंपात तेच चार भाग असतात: आत फिरणारा गॅस जिथे उकळून उष्णता घेतो तो इव्हॅपोरेटर, त्याला दाबणारा कॉम्प्रेसर, तो जिथे उष्णता सोडतो तो कंडेन्सर आणि त्याचा दाब उतरवणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह. फरक इतकाच की तिथे आम्हाला गार बाजू हवी असायची, इथे गरम बाजू हवी असते. कल्पना नवी नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी 1852 मध्येच अशा यंत्राने इमारती उबदार ठेवता येतील असं मांडलं होतं. झुरिकच्या नगरभवनात 1938 मध्ये नदीच्या पाण्यातली उष्णता ओढणारा हीट पंप बसला. उणे 12 अंशांच्या हवेत उष्णता कुठून येणार, असं लोक मला अजून विचारतात. गॅस त्याहून थंड, समजा उणे 18 अंशांना उकळवला, की त्या हवेतूनही उष्णता त्याच्याकडे वाहते. आमच्या शीतगृहातला माल तर याहून गार असायचा आणि आम्ही त्यातूनही रोज उष्णता काढायचो.

कॉम्प्रेसरवर काम केलेल्या प्रत्येक माणसाला एक गोष्ट हाताने कळते. सक्शन आणि डिस्चार्ज, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, यांच्यातली चढण जितकी जास्त, तितका करंट मोजणाऱ्या ॲमीटरचा काटा वर. कंडेन्सर मळला की बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब चढायचा, तेवढाच थंडावा मिळवायला मोटर जास्त करंट ओढायची. हीट पंपाचंही तसंच आहे. बाहेर शून्य अंश आहे आणि घर उबदार ठेवायला फरशीखाली टाकलेल्या नळ्यांना 35 अंशांचं पाणी द्यायचं आहे, तर निसर्गनियमाने एका युनिटला जास्तीत जास्त 8.8 युनिट उष्णता मिळू शकते. तेच पाणी 55 अंशांचं हवं असेल तर ती मर्यादा 6 वर येते. खरं यंत्र या मर्यादेच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याच्या थोडं खाली पोचतं. म्हणजे तेच यंत्र, तोच दिवस, पण एकीकडे जवळपास चार आणि दुसरीकडे तीनही नाही. पाण्याचं तापमान एक अंशाने उतरवलं की विजेत साधारण दोन-अडीच टक्के बचत होते. यंत्राच्या माहितीपत्रकावरचा ठळक आकडा बहुतेक वेळा बाहेर 7 अंश आणि पाणी 35 अंश अशा अवस्थेतला असतो. उणे 12 ला तेच यंत्र किती किलोवॅट देतं आणि किती वीज खातं, हा तक्ता आतल्या पानांवर असतो. तो मागून घ्यावा.

आता आमच्या घराची गोष्ट. पहिल्या बैठकीत एका विक्रेत्याच्या माणसाने 140 चौरस मीटर हा आकडा ऐकला, मनातल्या मनात गुणाकार केला आणि 12 किलोवॅटचं यंत्र सुचवलं. त्याने नकाशा उघडलाही नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, थोडं मोठं असलेलं बरं ना, थंडी पडली तर?” हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही दोन रविवार घेऊन हिशेब मांडला. आत 20 अंश, बाहेर उणे 12, फरक 32 अंश. भिंत, छप्पर, खिडकी यांच्या प्रत्येक चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती वॅट निसटतात, त्याला यू-मूल्य म्हणतात. क्षेत्रफळ, यू-मूल्य आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार केला की गळती कळते. बाहेरच्या भिंती 150 चौरस मीटर, यू-मूल्य 0.20, म्हणून 960 वॅट. छप्पर 75 चौरस मीटर, 0.14, म्हणजे 336. खिडक्या आणि दारं मिळून 28 चौरस मीटर, यू-मूल्य 1.0, म्हणजे 896. जमिनीकडे फरक कमी असतो, तिथे 135. कोपरे, बाल्कनीचा सांधा, चौकटींच्या कडा इथून उष्णता वाट काढते, त्यांचे 210 धरले. बेरीज सुमारे 2,540 वॅट. खिडक्यांचा आकडा बघून मुलगी गप्प झाली. भिंतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागा, आणि गळती जवळपास भिंतीएवढी! जिन्याजवळ, सूर्य कधीच न येणाऱ्या बाजूला, आधी आणखी आठ चौरस मीटरची काच होती. ती तिने त्याच संध्याकाळी नकाशातून काढली. हा निर्णय कुणी तिच्यावर लादला नाही, तो तिला कागदावरच दिसला.

राहिली हवा. चार माणसं, माणशी तासाला 30 घनमीटर ताजी हवा, म्हणजे 120 घनमीटर. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला 0.34 वॅट-तास लागतात. ही हवा नुसती खिडकीतून आत घेतली तर तिच्यापायी 1,300 वॅट जातात. म्हणजे हवेची गळती छप्पर आणि खिडक्या मिळून जेवढी होते त्याहून जास्त! जाणाऱ्या हवेची उष्णता येणाऱ्या हवेला देणारं यंत्र लावलं आणि त्याने 80 टक्के परत मिळवली, की हे 1,300 चे 260 होतात. फटींतून येणाऱ्या हवेचे आणखी 270 धरले. एकूण 3.1 किलोवॅट. उष्णता परत मिळवणारं यंत्र नसतं तर 4.1.

बारा कुठे आणि तीन कुठे! आणि हे तीनसुद्धा वर्षातल्या सर्वात थंड रात्रीचे. एरवी घराला याच्या निम्मीही उष्णता लागत नाही. मोठ्या यंत्राचा कॉम्प्रेसर इन्व्हर्टरचा, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा, असला तरी एका मर्यादेखाली मंद होत नाही. बारा किलोवॅटच्या यंत्राची ती किमान मर्यादाच आमच्या घराच्या कमाल गरजेच्या आसपास किंवा वर गेली असती. मग ते दहा मिनिटं चालणार, बंद पडणार, पुन्हा सुरू होणार. शीतगृहात मी वारंवार चालू-बंद होणाऱ्या कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह आणि बेअरिंग उघडून पाहिले आहेत. दर सुरुवातीला तेल पुरतं पोचायच्या आत झीज होते. म्हणून “थोडं मोठं असलेलं बरं” हे बादलीला लागू आहे, कॉम्प्रेसरला नाही. आम्ही 5 किलोवॅटचं यंत्र धरलं आहे, आणि तेही उणे 12 ला त्यातून किती निघतं हे तक्त्यात पाहून, वर गरम पाण्याची गरज मिळवून.

मात्र एकूण आकड्यावर थांबू नये. प्रत्येक खोलीचा वेगळा हिशेब करावा. याचं कारण आम्हाला न्हाणीघराने शिकवलं. तिथे 24 अंश लागतात, पण टब, कमोड आणि कपाट वजा जाता नळ्या टाकायला जेमतेम चार चौरस मीटर फरशी उरते. फरशीचा पृष्ठभाग खोलीपेक्षा एक अंशाने गरम असला तर चौरस मीटरला साधारण 10-11 वॅट मिळतात. न्हाणीघराची गळती भागवायची तर तिथे पाणी बरंच गरम लागणार होतं. आणि पंप एकच असल्यामुळे त्या एका खोलीसाठी साऱ्या घराला तेवढंच गरम पाणी गेलं असतं. सगळ्या घराच्या पाण्याचं तापमान सर्वात अवघड खोली ठरवते! तोडगा साधा निघाला: न्हाणीघराच्या एका भिंतीतही नळ्या, नळ्यांमधलं अंतर 10 सेंटिमीटर, आणि टॉवेल वाळवायला एक छोटा विजेचा हीटर, जो रोज अर्धा तास लागेल. बाकी खोल्यांत नळ्यांमधलं अंतर 15 सेंटिमीटर ठेवलं. नळी थोडी जास्त लागली, पण ती एकदाच टाकायची असते.

जावयाला वरच्या मजल्यावर जाड लाकडी फरशी हवी होती. लाकूड उष्णता अडवतं. त्याखालून तेवढीच ऊब वर यायला पाणी काही अंशांनी जास्त गरम लागतं. शेवटी पातळ लाकूड घेऊन ते कोब्याला चिकटवून बसवायचं ठरलं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, नाहीतर पुढे लोकांना फसवल्यासारखं वाटतं. नीट बांधलेल्या घरात ही फरशी पायाला गरम लागत नाही. आमच्याकडे सर्वात थंड दिवशीही ती सुमारे 23 अंश राहील, म्हणजे आपल्या तळपायाहून गारच. घर उबदार आहे हे अंगाला कळतं, पायाला नाही.

थर्मोस्टॅटविषयी थोडक्यात. प्रत्येक खोलीत थर्मोस्टॅट लावून नळ्या बंद करत राहिलं तर पंपाला उष्णता द्यायला जागा उरत नाही आणि तो पुन्हा चालू-बंद होऊ लागतो. त्यापेक्षा बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त करणारी वक्ररेषा नीट लावावी आणि प्रत्येक नळीतला प्रवाह एकदा जुळवून घ्यावा. रात्री यंत्र बंद करून पहाटे जोरात चालवणंही इथे उपयोगाचं नाही, कारण कोबा तापायला तास लागतात आणि पहाटेच बाहेर सर्वात जास्त थंडी असते.

आता हवेविषयी. यावर लेखात दोनच ओळी होत्या आणि मला सर्वात जास्त बोलायचं आहे ते यावरच.

याआधी मुलगी ज्या भाड्याच्या घरात राहत होती, तिथे मालकाने जुन्या खिडक्या काढून नव्या घट्ट खिडक्या बसवल्या. वारा थांबला, सगळे खूश झाले. दुसऱ्या हिवाळ्यात नातीच्या पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले. ते पुसले, रंग दिला, पुन्हा आले. नात रात्रभर खोकायची. मी पलंग ओढला आणि भिंतीला हात लावला तेव्हा मला शीतगृहाच्या दारामागची भिंत आठवली. 20 अंशांची, 50 टक्के आर्द्रतेची हवा 9.3 अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते. पण बुरशीला दव पडेपर्यंत थांबावं लागत नाही. पृष्ठभागाशी आर्द्रता 80 टक्क्यांवर राहिली की तिला पुरतं, आणि ते 12.6 अंशांनाच घडतं. फर्निचरमागच्या कोपऱ्यात हवा फिरत नाही, म्हणून तिथली भिंत आणखी गार असते. श्वास, आंघोळ, वाळत घातलेले कपडे मिळून चार माणसांच्या घरात दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. पूर्वी ते खिडक्यांच्या फटींतून निघून जायचं. फटी बुजवल्या आणि वाट ठेवली नाही, तर ते भिंतीत जातं. मालकाने चांगल्या हेतूने खर्च केला होता. त्याला कुणी सांगितलंच नाही की घर घट्ट करणं हे अर्धं काम आहे.

म्हणून नव्या घरात दोन्ही हवं: घर जमेल तितकं हवाबंद, आणि हवेला ठरवून दिलेली वाट. ताजी हवा झोपायच्या खोल्यांत आणि बैठकीत सोडायची, वापरलेली हवा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडासातून ओढायची. मधल्या वाटेवर दारांखाली सुमारे एक सेंटिमीटर फट ठेवायची. ही फट सुताराला आधी सांगितली नाही तर तो दार फरशीला अगदी चिकटवून देतो, कारण त्याच्या दृष्टीने तेच चांगलं काम असतं.

झोपायची खोली बंद करून दोन माणसं झोपली की काय होतं ते मी स्वतः मोजलं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 420 भागांच्या थोडा वर असतो. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच खोलीतल्या चांगल्या हवेसाठी 1,000 ही मर्यादा सुचवली होती. त्या भाड्याच्या घरात पहाटे पाच वाजता माझ्या हातातल्या मापकाने 2,600 दाखवले. सकाळी डोकं जड होतं ते वयामुळे, असं सौ. आणि मी दोघंही समजत होतो.

हवेच्या नळ्यांची जागा नकाशातच राखावी लागते. हे मी पुन्हा पुन्हा लिहितो, कारण आमच्याकडेही हेच राहून जात होतं. घराच्या मधोमध लोखंडी तुळई होती आणि 75 मिलिमीटरच्या सगळ्या नळ्या नेमक्या तिला आडव्या जाणार होत्या. स्लॅब पडल्यावर हे कळलं असतं तर छत उतरवून खोट्या छतात नळ्या लपवाव्या लागल्या असत्या. कागदावर होतं म्हणून नळ्यांच्या वाटपाची पेटी तुळईच्या पलीकडे सरकवून भागलं. अशा एका नळीतून तासाला 30 घनमीटरहून जास्त हवा सोडू नये, नाहीतर रात्री शिटीसारखा आवाज येतो. ज्या खोलीला जास्त हवा हवी तिथे दोन नळ्या न्याव्यात. यंत्र आणि खोल्या यांच्यामध्ये आवाज शोषणारा तुकडा हवाच. ज्या घरात व्हेंटिलेशनचा आवाज येतो, तिथे महिन्याभरात कुणीतरी ते बंद करतं, आणि मग ते असून नसून सारखं.

हवेच्या यंत्राची जागाही तशीच. सुरुवातीला ते माळ्यावर, शिडी लावून पोचायच्या ठिकाणी दाखवलं होतं. मी विरोध केला. फिल्टर वर्षातून दोनदा तरी बदलावे लागतात, बाहेर धूळ असेल तर त्याहून जास्त. 31 वर्षांत मी असा एकही फिल्टर पाहिला नाही जो शिडी चढून कुणी वेळेवर बदलला. आता ते कपडे धुण्याच्या खोलीत, छातीच्या उंचीवर आहे. यंत्रात हवेतलं पाणी निथळतं, त्याची निचऱ्याची नळीही तिथेच शेजारी मिळाली. हवा आत घेण्याचं तोंड गाडी उभी राहते तिथे नको, धुराड्याजवळ नको, आणि वापरलेली हवा बाहेर पडते त्याच्या जवळ तर नकोच.

हवाबंद घरात दोन गोष्टी जिवावर बेतू शकतात, म्हणून ठळक लिहितो. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा मोठा पंखा तासाला 400 घनमीटर किंवा त्याहून जास्त हवा ओढतो. घरात तेवढी हवा यायला वाट नसेल तर तो ती मिळेल तिथून ओढतो. घरात लाकडाची शेगडी असेल तर तिच्या धुराड्यातून जळका वायू उलटा खोलीत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. शेगडी हवीच असेल तर तिला बाहेरून स्वतःची बंद नळी द्यावी, पंख्याला खिडकी उघडल्याशिवाय चालू न होणारं कुलूप लावावं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवावा. आम्ही शेगडी रद्द केली. पंखा कोळशाच्या फिल्टरचा, हवा आतल्या आत फिरवणारा घेतला. वाफ व्हेंटिलेशनच्या वाटेने जाते.

हवाबंदपणा डोळ्यांनी कळत नाही, तो मोजावा लागतो. दारात पंखा बसवून घरात आणि बाहेर 50 पास्कलचा फरक ठेवतात आणि तासात घरातली सगळी हवा किती वेळा बदलते ते पाहतात. पॅसिव्ह हाउस, म्हणजे उबेला अगदी कमी ऊर्जा लागणारं घर, म्हणवणाऱ्या घराला 0.6 ही मर्यादा आहे. आमचा पहिला आकडा 1.9 आला. ही चाचणी गिलावा आणि आतल्या फळ्या लागण्याआधी केली होती म्हणून गळती शोधता आली. धुराची कांडी घेऊन मी आणि जावई खोलीखोलीतून फिरलो. खिडक्या चांगल्या होत्या. धूर ओढला जात होता तो विजेच्या नळ्यांच्या तोंडांशी आणि माळ्याच्या झडपेशी. दोन दिवस टेप आणि पुट्टी लावली. दुसऱ्या वेळी 0.9. आमच्या हिशेबात 1.0 धरलेला होता, त्यामुळे 5 किलोवॅटचा निर्णय तिथेच पक्का झाला. चाचणी घर पूर्ण झाल्यावर करून उपयोग नाही, तेव्हा फक्त प्रमाणपत्र मिळतं.

काही जण म्हणतात की व्हेंटिलेशनने हिवाळ्यात हवा कोरडी पडते. खरं आहे, पण त्याचं कारण समजून घ्यावं. शून्य अंशांची हवा घनमीटरला पाच ग्रॅमहून कमी पाणी धरते. तीच 20 अंशांवर आली की आर्द्रता 26 टक्क्यांवर येते. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त हवा फिरवू नये. घरात कुणी नसताना वेग उतरवावा. ओलावाही परत देणारे पडदे असलेली यंत्रं मिळतात, खूप थंड ठिकाणी तीच घ्यावीत.

बाहेरच्या यंत्राची जागा हा माझ्या धंद्यातला विषय. यंत्राच्या कॉइलवर सर्वात जास्त बर्फ कडाक्याच्या थंडीत धरत नाही, तो शून्याच्या आसपासच्या ओल्या हवेत धरतो, कारण तेव्हा हवेत पाणी असतं. मग यंत्र थोडा वेळ उलटं चालून कॉइलवरचा बर्फ वितळवतं आणि खाली पाणी सोडतं. ते पाणी पायवाटेवर गेलं तर रात्रीत तिथे काचेसारखा बर्फ होतो. आमच्याकडे यंत्र बर्फाच्या थराहून उंच चौथऱ्यावर आहे आणि खाली खडीचा खड्डा आहे, जमीन जितकी खोलवर गोठते त्याच्याही खालपर्यंत. यंत्राने फेकलेली गार हवा त्यालाच परत मिळेल अशी कोनाड्यासारखी जागा कधीही निवडू नये. दोन भिंतींच्या कोपऱ्यात आवाजही वाढतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणून शेजाऱ्याच्या झोपायच्या खिडकीपासून लांबची बाजू घेतली, नळी चार मीटर वाढली तरी.

गॅसविषयी. मी अमोनियावर काम शिकलो, मग बाकीचे गॅस आले. ओझोनच्या थरासाठी 1987 चा मॉन्ट्रियल करार झाला, नंतर तापमानवाढीचा प्रश्न पुढे आला. आर-410ए या गॅसचा एक किलो हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या 2,088 किलोएवढं काम करतो; आर-32 चा आकडा 675, आणि प्रोपेनचा, म्हणजे आर-290 चा, फक्त 3. आम्ही प्रोपेनचं यंत्र घेतो आहोत. प्रोपेन पेटतो आणि हवेहून जड असतो, त्यामुळे यंत्राभोवती उत्पादकाने सांगितलेल्या अंतरात तळघराची खिडकी, गटाराचं तोंड किंवा हवा आत घेण्याची जाळी असता कामा नये. हेही नकाशातच ठरतं.

गरम पाण्याचा हिशेब बहुतेक जण विसरतात. घर जितकं चांगलं, तितका वर्षाच्या उष्णतेत अंघोळीच्या पाण्याचा वाटा मोठा. 200 लिटर पाणी 10 अंशांवरून 50 वर न्यायला 9.3 युनिट उष्णता लागते. लेजिओनेला नावाचे जीवाणू 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात, म्हणून टाकी कोमट ठेवून बचत करू नये. बचत करायची तर नळ जवळ आणावेत: आमची दोन्ही न्हाणीघरं आता एकावर एक आहेत आणि टाकी भिंतीपलीकडे.

महोदय, आपल्याला एक विनंती. यापुढे अशा यंत्रांचे आकडे छापताना सोबत बाहेरचं तापमान आणि पाण्याचं तापमान जरूर छापावं. एका ओळीची जागा लागेल. आणि यंत्रांच्या लेखाआधी घराच्या गळतीचा हिशेब कसा मांडायचा यावर एक लेख द्यावा. तो मांडून द्यायला माझ्यासारखे निवृत्त लोक आनंदाने वेळ देतील.

येत्या गुरुवारी आमच्याकडे कोबा पडणार आहे. काल दिवसभर जावई आणि मी प्रत्येक खोलीत जमिनीवर मोजपट्टी ठेवून नळ्यांचे फोटो काढले, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे, आणि नळ्यांत दाब भरून ठेवला. कोबा पडत असताना तो दाब मी स्वतः बघत उभा राहणार आहे. काटा हलला तर त्याच क्षणी काम थांबवता येईल.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त शीतगृह तंत्रज्ञ